चार घरांचं कापड

"आधी फोटो काढून घ्या, मॅडम," लोणारे सिस्टर म्हणाल्या. "रिपोर्ट मग सांगा. उलट केलंत तर फोटो मिळायचा नाही."

बेलटोल्याच्या उपकेंद्राच्या पायरीवर उभ्या राहून त्या छत्री उघडत होत्या. मे महिना होता. सकाळचे साडेनऊच वाजले होते, पण समोरच्या हातपंपाचा दांडा बायका पदराने धरत होत्या.

"मी रिपोर्ट सांगायलाच आले आहे," मी म्हटलं.

"फोटोसाठी आलात. रिपोर्ट मी मागच्या सोमवारीच सांगणार होते. तुम्हीच फोनवर म्हणालात, थांबा, मी येतेच आहे."

ते खरं होतं.

माझ्या पिशवीत एक पाकीट होतं. गोदी दसरू नैताम, वय आठ महिने, हिच्या रक्ताचा अहवाल. त्याच्याखाली माझ्या पुस्तिकेची एक प्रत होती. मुखपृष्ठावर गोदीची आई, वच्छला, नऊ वर्षांपूर्वीची. कडेवर दोन वर्षांची मुलगी, आणि मोकळ्या हाताने ती एका कापडावर चिंध्यांची बाहुली ठेवते आहे. मागे माईक हातात धरलेली मी अर्धीच दिसते. पुस्तिकेच्या पाच आवृत्त्या निघाल्या होत्या. सहावीच्या मलपृष्ठावर हीच बाई नऊ वर्षांनंतर कशी दिसते ते छापावं, अशी प्रकाशकांची कल्पना. मलाही ती आवडली होती.

सिकलसेल हा रक्ताचा आजार. तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि माणूस हाडं मोडल्यासारखा कळवळतो. आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक, त्याला स्वतःला त्रास होत नाही. आमच्या प्रकल्पात आजार असलेल्याला पिवळं कार्ड मिळे, वाहकाला अर्धं पिवळं, आणि ज्याच्या रक्तात काहीच नाही त्याला पांढरं. वच्छला आणि दसरू दोघांची कार्डं अर्धी पिवळी होती. थोरल्या मंगलाचं पिवळं.

नागपुरात कॉलेजात जनुकशास्त्र शिकवणं ही माझी नोकरी. तेच शास्त्र शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला समजेल असं सांगणं हे माझं खरं काम, असं मी मुलाखतींमधून म्हणत असे. वर्तमानपत्रात माझं सदर चाले. आणि चार घरांचं कापड ही माझी ओळख होती. हातभर कापडावर चार चौकोन शिवलेले आणि सोबत चार बाहुल्या: एक पिवळी, दोन अर्ध्या पिवळ्या, एक पांढरी. दोन वाहकांचं लग्न झालं तर मुलांत काय उतरू शकतं ते त्या कापडावर अर्ध्या मिनिटात दिसे. तीन जिल्ह्यांतल्या आरोग्यसेविकांच्या पिशव्यांत ते होतं, आणि पिवळं कार्ड निघालेल्या प्रत्येक घराला एकेक दिलेलं होतं.

"ती ऐकेल ना?" मी वाटेत विचारलं. "औषधाचं वगैरे?"

"वच्छला? तिच्यासारखी ऐकणारी बाई माझ्या सहा गावांत नाही. मंगलाची गोळी एक दिवस चुकवत नाही. लसीला सगळ्यांच्या आधी पोरगी घेऊन हजर." सिस्टर थांबून छत्री दुसऱ्या हातात घेत म्हणाल्या, "पण धाकटीचं रक्त घ्यायला गेले तर हसून राहिली. म्हणे, घ्या सिस्टर, तुमचं समाधान करून घ्या. आमच्या घरात आता कोणाले होत नाही."

"असं का म्हणाली?"

"काय माहीत! मला इथे येऊन दीडच वर्ष झालं. केला असेल नवस कुठल्या देवाला. यांचं काही सांगता येत नाही, मॅडम."

"हेच तर आपल्याला बदलायचं आहे," मी म्हटलं. तेव्हा मी अशी वाक्यं सहज बोलत असे.

वच्छलाचं घर बेलटोल्याच्या शेवटाला होतं. मांडवाच्या सावलीत तेंदूच्या पानांचा ढीग घेऊन ती पुडे बांधत बसली होती. सत्तर पानं सारखी करायची, देठ एकीकडे घ्यायचे, दोरीने आवळायचं. माणसं आलेली दिसली तरी हातातला पुडा पुरा करूनच ती उठली.

"आल्या का म्याडम! मले वाटलंच होतं, तुमी येसान. यायले फडीवर जावं लागलं पुडे घेऊन, नाईतर थांबणार होते." हे नवऱ्याविषयी; फडी म्हणजे तेंदूची पानं विकायची जागा. "मंगले, पानी आन. माठातलं आन, गुंडातलं नको."

मंगला पाणी घेऊन आली. अकरा वर्षांची होती, दिसायला सात-आठची. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीचं बोट लागल्यासारखा. तांब्या दोन्ही हातांनी धरून ती हळूहळू चालत होती, आणि चालताना माझ्याकडेच बघत होती.

"तुम्ही पुस्तकातल्या," ती म्हणाली.

"अर्धी," मी म्हटलं.

ती हसली. "मी पूर्ण आहो. आईच्या कडेवर."

"मोठी झाली आता, शाळेत पयली येते," वच्छला म्हणाली. "महिन्यातले दहा दिवस घरी असते, तरी पयली. मास्तर म्हणते, रोज आली असती तं कलेक्टर झाली असती."

"मंग मी नाई येत रोज," मंगला म्हणाली. "कलेक्टरला उन्हात फिरावं लागते."

लोणारे सिस्टर मोठ्याने हसल्या. मांडवाच्या खांबाला बांधलेल्या झोळीत गोदी झोपली होती. तिचा एक पाय झोळीबाहेर आला होता. पावलाची वरची बाजू किंचित फुगीर वाटली. मी बघितलं आणि नजर काढून घेतली.

"फोटो काढायचा ना?" वच्छला म्हणाली. "सिस्टरनं सांगतलं. थांबा." तिने आतून पत्र्याची पेटी ओढत आणली. पेटीत सगळ्यात वर कार्डं, त्यांच्याखाली घडी केलेलं कापड. माझं कापड. नऊ वर्षांत त्याचा रंग उडाला होता, पण ते धुतलेलं होतं आणि एका कोपऱ्याला तिने नव्याने टाके घातले होते. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

तिने ते जमिनीवर अंथरलं, चारही कोपरे ओढून सरळ केले आणि बाहुल्या मांडल्या. पिवळी. अर्धी. मग आणखी एक अर्धी. चौथं घर मोकळं राहिलं.

"पांढरी कुठे आहे?" मी कॅमेरा उघडत विचारलं.

"ते सुकरूनं नेली खेळायले. कुठी टाकली का मालूम, मंग सापडलीच नाई."

"सुकरू?"

"तिसरा माझा. तीन वर्साचा होऊन गेला तो." तिने मोकळ्या घरावरून हात फिरवला, जसा आपण पाटावरची धूळ काढतो. "दोन वर्सं होतील आता, पोळ्याच्या आधी. पांढरी त्याचीच होती म्हणा. गोरा होता न् हा असा गुटगुटीत. यायनं तवाच सांगतलं, हा पांढऱ्या घरचा आहे."

मी कॅमेरा खाली घेतला. "पांढऱ्या घरचा म्हणजे?"

आपल्याच वर्गात शिकवलेलं मास्तर विसरला की पोरं जशी बघतात, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग समजूतदारपणे बाहुल्यांवर एकेक बोट ठेवत म्हणाली, "ही पिवळी, मंगलीची. ही अर्धी लालसूची. तो आश्रमशाळेत आहे, तिथं रगत तपासलं, तं बराबर अर्धंच निघालं. ती पांढरी सुकरूची. न् ही राहिली अर्धी, गोदीची." ती सिस्टरकडे वळून हसली. "म्हणून मी सिस्टरले म्हणलं, घ्या तुमाले घ्यायचं तं. अर्धंच निघालं असंल ना, म्याडम?"

पाकीट माझ्या पिशवीत होतं.

लोणारे सिस्टरना अजून काही कळलं नव्हतं. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "मॅडम, काढा ना फोटो. ऊन वर येऊन राहिलं."

मी फोटो काढला. एक नाही, तीन काढले. का, ते मला सांगता येणार नाही. हाताला सवय होती. वच्छलाने विचारलं, पदर डोक्यावर घेऊ का, आणि मी म्हटलं, घ्या.

मग मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि विचारलं, "सुकरूला काय झालं होतं?"

"ताप. दोन दिवसांचा ताप म्याडम, दुसरं काई नाई. पोट असं टम्म झालं डाव्या अंगानं. न् पोरगा पांढरा पडत गेला, ओठसुद्धा पांढरे. तिसऱ्या दिवशी सकारी…" तिने पुडा ओढून घेतला आणि पानं सारखी करू लागली. "पुजाऱ्यानं सांगतलं, लागीर होतं."

"त्याआधी कधी आजारी होता?"

"नाई. लहानपणी हातपाय सुजत होते मधी मधी. या गोदीसारखेच. रडे मंग रातभर. आमी म्हटलं, झोळीची दोरी काचत असंल."

"दवाखान्यात दाखवलं नाही?"

"तवाच्या सिस्टर होत्या ना, भोयर सिस्टर, त्या म्हणे, याचं बी रगत पाठवू, मंगलीसारखं. मी म्हटलं, काहून टोचता लेकराले उगा? याले ते होऊच शकत नाई. पिवळं घर भरलं ना आमचं." पुडा आवळून तिने गाठ मारली. "त्यायले ठाऊक नव्हतं तेवढं. तुमच्या कापडाच्या नंतर आल्या त्या."

लोणारे सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. आता त्यांना कळलं होतं.

माझ्या मनात हिशेब स्वच्छ उभा राहिला. तीन वर्षांचं मूल, लहानपणी सुजणारे हातपाय, अचानक वाढलेली पानथरी म्हणजे प्लीहा, दोन दिवसांत पांढरं पडणं. परीक्षेत असा प्रश्न घातला असता तर नापास होणाऱ्या मुलानेही त्याचं उत्तर बरोबर लिहिलं असतं. हे मूल पिवळ्या कार्डाचं आहे एवढं माहीत असतं, तर त्या तापात त्याला तालुक्याला नेलं असतं. रक्त चढवलं असतं. वाचलंच असतं असं नाही. वाचू शकलं असतं.

आणि मी आता काहीच बोलले नाही, तर गोदी राहिलेल्या अर्ध्या घरात बसणार होती. हातपाय सुजले की तिलाही झोळीची दोरीच काचणार होती.

मंगला मांडवाच्या कडेला बसून एकटीच खेळत होती. तिच्यापुढे फोडलेले चिंचोके होते. फोडलेला चिंचोका एका अंगाने काळा आणि एका अंगाने पांढरा असतो. पोरी तो फाशासारखा टाकून खेळतात. मंगलाला धावता येत नसे, म्हणून तिचे खेळ बसून खेळायचे.

कापडाच्या आधी, सुरुवातीची दोन वर्षं, मी चिंचोक्यांनीच सांगत असे. एक चिंचोका आईचा, एक बापाचा. काळी बाजू दोषाची, पांढरी चांगली. दोन्ही टाकायचे. दोन्ही काळे पडले तर मूल आजारी, एक काळा पडला तर वाहक, दोन्ही पांढरे पडले तर काहीच नाही. प्रत्येक मुलासाठी पुन्हा टाकायचे. शास्त्राच्या दृष्टीने त्यात कुठेच खोट नव्हती. पण चिंचोके माझं ऐकत नसत. कधी लागोपाठ तीनदा काळे पडत आणि बायका घाबरून उठून जात. कधी दहादा टाकूनही काळे पडत नसत आणि पुरुष हसत, म्हणत, बाई, तुमचा आजार तर गेला. वेळ जाई. पाहुणे घड्याळ बघत. म्हणून मी कापड शिवून घेतलं. कापडावर दर वेळी चार घरांत एकच पिवळं येई, हुकमी.

"मंगला," मी म्हटलं, "दोन चिंचोके देतेस?"

तिने दोन निवडून दिले. मी वच्छलासमोर बसले आणि कापडावरच्या बाहुल्या बाजूला केल्या.

"वच्छलाबाई, हा तुमचा. हा दसरूभाऊंचा. तुमचं कार्ड अर्धं, म्हणून तुमच्या चिंचोक्याची एक बाजू काळी. त्यांचंही तसंच. मूल राहिलं की दोन्ही पडतात. आता मंगला टाकेल."

मंगलाने हात झुलवून टाकले. एक काळा, एक पांढरा.

"अर्धं," ती लगेच म्हणाली.

"बरोबर. पुन्हा."

दोन्ही पांढरे. "पांढरं कार्ड."

"पुन्हा."

दोन्ही काळे. मंगलाने ते बोटाने एकमेकांजवळ सरकवले. मग म्हणाली, "हे मी."

"पुन्हा टाक."

पुन्हा दोन्ही काळे पडले. तिने ते उचलले, उलटसुलट करून बघितले. "पण आत्ताच तं आलं होतं."

"येऊ शकतं."

"लागोपाठ?"

"चिंचोक्याला माहीत नसतं मंगला, मागच्या वेळी काय पडलं होतं ते."

ती चिंचोके मुठीत धरून बसली. माझ्या तीस वर्षांच्या कामात एखादी गोष्ट इतक्या लवकर आणि इतकी पुरी समजलेला चेहरा मी दुसरा पाहिला नाही. तिच्या आईचे हात अजून पानांत होते.

"म्हणजे घर भरत नाई," मंगला हळू म्हणाली. "दर वेळी चारही घरं मोकळीच असतात."

"हो."

"मंग सुकरूलेबी असंल का? माझंच?"

वच्छलाचे हात थांबले.

मी म्हणू शकत होते की रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही. ते खरंही होतं. मी म्हटलं, "असावं."

झोळीत गोदी चुळबुळली, सिस्टरनी उठून दोरीला झोका दिला. मी पाकीट काढलं. आता ते सोपं झालं होतं. गोदीचंही पिवळंच आहे, मी म्हटलं. वच्छला रडली नाही. तिने अहवाल हातात घेतला, वाचता येत नव्हता तरी वरपासून खालपर्यंत बघितला आणि घडी करून मांडीवर ठेवला.

मग ती म्हणाली, "म्याडम, एक विचारू?"

"विचारा."

"तवा, त्या दिवशी, तुमी हे असं सांगतलं होतं का? चिंचोक्याचं? दर वेळी मोकळी घरं म्हणून?"

त्या दिवशी आश्रमशाळेच्या पटांगणात मंडप होता. खुर्च्यांवर मोठे पाहुणे होते, फोटोवाले होते. मंगलाचं कार्ड आठच दिवसांपूर्वी पिवळं निघालं होतं, आणि वच्छला मंचावर यायला तयार झालेली एकटी आई होती. मी सांगितलं तशा तिने बाहुल्या मांडल्या, एकही चुकली नाही. मग मी माईक तिच्या तोंडापुढे धरला आणि विचारलं, काय समजलं? ती म्हणाली, "माझं पिवळं घर भरलं. आता तीन मोकळे." तिचा चेहरा इतका उजळला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ते वाक्य ऐकलं. स्पष्ट ऐकलं. त्यात काय चूक आहे ते मला त्याच क्षणी कळलं, कारण ते कळणं हाच माझा विषय होता. माझं पुढचं वाक्य ओठांवर तयारही होतं: नाही, वच्छलाबाई, तसं नाही. पण टाळ्या चालू होत्या. पाहुण्यांना पुढच्या गावी जायचं होतं. फोटोवाला म्हणत होता, बाई, जरा इकडे बघा. मला वाटलं, नंतर सांगू. मुखपृष्ठावर जो फोटो आहे, तो त्याच्या आधीच्या क्षणाचा.

"सांगितलं होतं ना," लोणारे सिस्टर मध्येच म्हणाल्या. त्या तेव्हा तिथे नव्हत्या. मला सांभाळून घेण्यासाठी म्हणाल्या असाव्यात. "मॅडम सगळीकडे सांगतात. मंचावर एवढ्या गर्दीत तुझं लक्ष नसेल, वच्छला."

वच्छला सिस्टरकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मंगलाही.

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

वच्छलाने मान हलवली. दोनदा. जसं एखादं जड ओझं दुसऱ्याच्या डोक्यावरून आपल्या डोक्यावर नीट बसवून घ्यावं, तशी.

"मंग मीच नाई ऐकलं," ती म्हणाली. "मंगली कडेवर रडत होती ना तवा. माझं चित्त तिकडंच होतं." जरा थांबून ती पुन्हा म्हणाली, "भोयर सिस्टर म्हणत होत्या, टोचू म्हणून. मीच नाई म्हटलं."

"आता त्याचा विचार नका करू," मी म्हटलं.

"नाई करत," ती म्हणाली. "आता गोदीचं सांगा. आता मी नीट ऐकते."

मी सांगितलं. रोजची गोळी कोणती, किती. पाणी भरपूर. थंडीत अंग उघडं ठेवायचं नाही. ताप आला की थांबायचं नाही, पुजाऱ्याकडे नाही, सरळ तालुक्याला. रोज पोटाच्या डाव्या बाजूला बोटं ठेवून पानथरी वाढली का बघायचं. ती प्रत्येक वाक्य माझ्यामागून म्हणत गेली, शब्दाला शब्द. मग गोदीला झोळीतून काढून मांडीवर घेतलं आणि माझ्या हाताखाली तिच्या पोटावर बोटं ठेवून शिकली. एवढी चांगली विद्यार्थिनी मला मिळाली नाही, हे मी त्या वेळीही मनात नोंदवलं, आणि स्वतःची शिसारी आली.

निघताना मंगला फाट्यापर्यंत आली. सिस्टर पुढे चालत होत्या. तिने मूठ उघडून दोन चिंचोके माझ्या हातावर ठेवले.

"तुमाले लागतील," ती म्हणाली. "तुमच्यापाशी नव्हते आज."

मी तिच्याकडे बघितलं. त्या वाक्यात काही होतं की नव्हतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. ती वळून हळूहळू घराकडे गेली.

सहावी आवृत्ती निघाली. चिंचोक्यांचा एक परिच्छेद मी बाराव्या पानावर घातला. मलपृष्ठावर वच्छला, डोक्यावर पदर, समोर कापड, चौथं घर मोकळं. अनेकांनी कळवलं, फोटो फार बोलका आहे. कापडं परत मागवण्याविषयी मी बैठकीत एकदा बोलले. तीन जिल्ह्यांतून कशी गोळा करणार, असं कुणीतरी विचारलं आणि पुढचा विषय निघाला. किती घरांत पिवळं घर भरलं म्हणून पुढच्या मुलांना टोचायचं राहिलं, याचा अभ्यास करता आला असता. मी तो केला नाही.

मंगला विसाव्या वर्षी गेली. त्याच्या आदल्या वर्षी बेलटोल्याजवळच्या बाजारगावात सिकलसेलचा मेळावा होता, आणि प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावलं होतं. तोवर लोणारे सिस्टर निवृत्त झाल्या होत्या. मेळाव्याची मुख्य वक्ती मंगला होती. दोन वर्षं ती गावोगाव फिरून सांगत होती. संयोजक म्हणाले, हिच्यामुळे लोक धाकट्या मुलांनाही तपासायला आणतात.

ती उभी राहिली तेव्हा कुणीतरी स्टूल पुढे सरकवलं. ती त्यावर बसली. तिच्यासमोर कापड नव्हतं. तिने झोळीतून दोन चिंचोके काढले आणि वर धरून दाखवले.

"मी आधी माझ्या घरची गोष्ट सांगते," ती म्हणाली. "माझा एक भाऊ होता, सुकरू. म्याडमनी माझ्या आईले सगळं बराबर सांगतलं होतं. पण माझ्या आईनं नीट ऐकलं नाई. म्हणून तो गेला. तुमी नीट ऐका."

पहिल्या रांगेत, मातीवर, वच्छला बसली होती. शेजारी गोदी, आठ वर्षांची, पिवळट डोळ्यांची, जिवंत. मुलीच्या प्रत्येक वाक्याला वच्छला मान हलवत होती. ही गोष्ट तिने किती गावांत किती वेळा ऐकली असेल, कोण जाणे. हात मांडीवर जोडलेले होते.

मंगलाने चिंचोके टाकले, लोकांकडून टाकून घेतले, पुन्हा टाकले. लोक हसले, घाबरले, गप्प झाले. तिला वेळ लागला. तिने तो घेतला. माझ्यापेक्षा ती कितीतरी चांगलं सांगत होती.

मग माझं नाव पुकारलं गेलं. अध्यक्षीय समारोप. मी माईकपाशी गेले. समोर वच्छला होती, आणि मला ठाऊक होतं की मी काय म्हणायला हवं. ते तीन शब्दांचं वाक्य होतं. गाडीत बसून मी ते किती तरी वेळा म्हटलेलं होतं.

मंगला स्टुलावर बसून माझ्याकडे वर बघत होती.

"मंगलाने सगळं बरोबर सांगितलं," मी म्हणाले. "मला वेगळं काही सांगायचं नाही."

सगळ्यात आधी टाळ्या वच्छलाने वाजवल्या.